परातीतली राख

चंद्रपुरात दुपारी खाणीतला सुरुंग उडाला की माझ्या शोकेसच्या काचा किणकिणतात. घरातलं कोणी मान वर करत नाही. सून भाजी निवडत असते, ती निवडतच राहते. मी मात्र अजूनही हातातलं काम थांबवते, आधी दाराकडे बघते, मग छताकडे, मग घरात कोण कुठे झोपलंय ते मनाशी पाहून घेते. काचा वाजायच्या थांबेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. एवढी वर्षं इस्पितळात नोकरी केली, रात्रपाळ्या केल्या, नको नको ते पाहिलं, पण ही सवय काही गेली नाही. ती सिरोंचाची आहे, बाबांनी लावलेली. आता गुडघे धरलेत, झोप तुटक झालीय, आणि पडल्या पडल्या डोळ्यासमोर येतं ते बहुतेक वेळा सिरोंचाचं ते मातीच्या भिंतींचं घर. खरं तर तिथे आम्ही फार वर्षं राहिलोही नाही.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ब्रह्मपुरीकडचा आमचा मुलूख, तिथेच त्यांची बरीचशी नोकरी झाली. मग वरच्या कोणाशी तरी त्यांचं वाजलं आणि बदली सिरोंचाला झाली. सिरोंचाची बदली म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एसटीनं आलापल्लीपर्यंत सागाची झाडं मोजून कंटाळा आला, आणि त्यानंतर नुसतीच धूळ खात बसलो. मायनं मांडीवर डब्यांचं गाठोडं घट्ट धरलं होतं. उतरल्यावर ती एवढंच म्हणाली की आता इथून पुढं रस्ता नाही ना, मग बरं झालं. घर मिळालं ते नदीच्या अंगाला, कवेलूंचं, म्हणजे कौलारू. पुढं एक खोली, मागं एक खोली, अंगणात कडुनिंब. एक भिंत शेजारच्या राजक्काच्या घराशी सामाईक. राजक्काचा नवरा नदीत जाळी टाकायचा, ती मासळी विकायची आणि उरलेल्या वेळात लोकांचं धान पायानं दाबायच्या लाकडी ढेकीवर कुटून द्यायची. तिची तेलुगू आम्हाला कळत नसे, आमची झाडी बोली तिला कळत नसे. तरी मायचं आणि तिचं आठवडाभरात जमलं. चिंचेच्या कोळातली मासळी माय तिच्याकडूनच शिकली. बाबांचं मात्र जमलं नाही. ब्रह्मपुरीकडे संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असत, कोणाचा अर्ज लिहायचा, कोणाच्या पोराला कुठे शिकायला घालायचं, सगळं बाबांना विचारून होई. इथे ते शाळेतून येत, हातपाय धुत, आणि ओट्यावर एकटेच बसून रस्त्याकडे बघत. त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं, हे आता लिहितानाही मला वाईट वाटतं.

पहिला धक्का बसला तेव्हा आम्ही जेवत होतो. फळीवरची भांडी आपापसात बोलल्यासारखी वाजली, आढ्यातून थोडी माती पडली, आणि झालं. आळीतले लोक बाहेर आले. म्हातारी माणसं म्हणाली की इकडं असं होतं अधूनमधून, मागं एकदा तर पलीकडच्या आंध्रातून असा मोठा आला होता की उतरंडी कोसळल्या होत्या. थोडं हसणं झालं, आणि लोक परत जेवायला गेले. आमच्याकडे तसं झालं नाही. बाबा अंगणातच उभे राहिले. मागच्या खोलीच्या भिंतीला वरून खालपर्यंत चीर गेली होती, ती त्यांनी कंदील लावून पुनःपुन्हा पाहिली. त्या दिवशी मायनं मला जे सांगितलं ते तोवर मला ठाऊक नव्हतं. बाबा लहान असताना झडीच्या पावसात त्यांच्या घराची मातीची भिंत बसली होती. आत त्यांची माय निजलेली होती. बाबा ओसरीत होते, ते वाचले. त्या वेळी भूकंप वगैरे काही नव्हता, भिजून फुगलेली भिंत होती. पण पोरवयात पाहिलेल्या गोष्टीला कारण कशाला लागतं? भिंत पडते आणि खाली झोपलेलं माणूस उठत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी फर्मान काढलं की आजपासून कोणीही कवेलूखाली झोपायचं नाही. अंगणात बांबूचा मांडव घातला, वर ताडाची पानं टाकली. भिंतीवर काचेच्या दोन तसबिरी होत्या, त्या उतरवल्या. बुद्धाची तसबीर जमिनीवर ठेवायला माय तयार होईना, म्हणून दोन्ही तसबिरी कडुनिंबाला खिळे ठोकून टांगल्या. बरेच दिवस येणारी-जाणारी माणसं आमच्या झाडाला हात जोडत. स्वयंपाक आत, झोप बाहेर असा आमचा संसार सुरू झाला. अंथरुणं रोज बाहेर न्यायची, रोज दवानं ओली झालेली आत आणून वाळवायची, मच्छरदाण्या बांधायच्या आणि सोडायच्या, पाऊस आला की मांडवाचं पाणी काढायचं, हे सगळं मायच्या वाट्याला. मी दहावीत होते म्हणून मला काही करू देत नसे. एकदा मी तिला विचारलं की तुला भीती वाटते का. तिनं विचार करून सांगितलं की वाटत असेल, पण वाटायला निवांतपणा पाहिजे.

बाबांनी मग यंत्र केलं. पुढच्या खोलीच्या मयालीला, म्हणजे मधल्या आडव्या लाकडाला, जाळ्याची दोरी बांधून दुकानदाराकडचं वजनाचं जुनं लोखंडी माप टांगलं. मापाखाली सायकलची आरी बसवली. आरीचं टोक जेमतेम टेकेल अशी खाली पितळी परात, आणि परातीत चाळलेली चुलीची राख. पोस्टकार्डाच्या कडेनं ती राख ते इतकी सपाट करीत की त्यात तोंड दिसेल असं वाटे. जमीन हलली की माप डुले आणि राखेत रेघ उठे. रेघ कोणत्या दिशेची, किती लांब, यावरून काय काय ठरवायचं ते त्यांनी कुठल्या तरी विज्ञानाच्या पुस्तकातून घेतलं होतं, काही मनानं. परात आमच्याकडे एकच मोठी. कणीक भिजवायला मायला तेव्हापासून पातेलं वापरावं लागे. ती कुरकुर करी, पण राख मात्र स्वतः चाळून देई, कारण बाबांच्या हातून ती जाडीभरडी राही.

या राखेनंच आमच्या ओट्यावर माणसं आणली. आसपासच्या जंगलातल्या खेड्यांतले मास्तर पगाराच्या दिवशी सिरोंचाला येत. पगार घ्यायचा, बाजार करायचा आणि परतीची गाडी मिळेपर्यंत कुठे तरी बसायचं. त्यातले एक कुळमेथे गुरुजी, आत कुठे तरी गोंडी वस्तीच्या शाळेवर असलेले, एकदा सावलीला म्हणून आमच्याकडे टेकले आणि ते टांगलेलं माप पाहून उठायचेच विसरले. त्यांच्या गावीही तो धक्का जाणवला होता. पुढच्या पगाराला ते आणखी दोघांना घेऊन आले. मग पगाराचा दिवस म्हणजे आमच्याकडे भूकंपाची सभा असं ठरूनच गेलं. कोणाच्या गावी काय हललं, किती वेळ हललं, आवाज आधी आला की नंतर, गुरं दावणीला ओढत होती का, विहिरीचं पाणी गढूळ झालं का, हे सगळे गंभीर होऊन सांगत. कोणी म्हणे नदीखाली फट आहे. कोणी म्हणे चंद्रपूरकडं कोळसा काढून काढून जमीन पोकळ केली, ती आता बसून राह्यली. बाबा मध्ये बसून सगळ्यांचं ऐकत, मग शाळेच्या नकाशावर काडीनं दाखवून आपलं मत सांगत. त्या पावसाळ्यात बिहारकडे मोठा भूकंप झाला. रेडिओवर रोज मेलेल्यांचा आकडा वाढत गेला. त्यानंतरच्या सभेला मास्तर इतके आले की ओटा पुरेना. चहाचं आधण उतरतच नव्हतं. मी कप विसळत होते आणि ओट्यावरून बाबांचा आवाज येत होता, ब्रह्मपुरीत असायचा तसा मोठा आणि खुशीतला. मायही चुलीजवळ तोच ऐकत होती. पदरानं तोंड पुसत ती स्वतःशीच हसली.

हिवाळ्यात विमल आली. माझी थोरली बहीण, लग्नानंतरचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. आणि इथे माझ्या मायबापाचं बिनसलं. इतके महिने मायनं बाबांचं सगळं मुकाट केलं होतं. पण बाळंतिणीची खोली बंदच हवी, दाराला गोधडी, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपेची धुरी, वारा म्हणून लागता कामा नये, यात ती एक पाऊल मागं घेईना. आणि बंद खोली म्हणजे मागचीच, चीर गेलेली. बाबांनी मांडवाला तट्टे बांधून देतो म्हटलं, दुहेरी बांधतो म्हटलं. अंगणात पौषातलं धुकं गुडघ्यापर्यंत बसत असे. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

“मी पाह्यलं हाय भिंत पडते तवा काय होते ते,” बाबा शेवटी म्हणाले. “तू नाई पाह्यलं.”

“अन् उघड्यावर थंडी लागून लेकरू निळं पडते ते मी पाह्यलं हाय,” माय म्हणाली. “पोरगी आतच बाळंत होईन. तुमाले भेव वाटते त मी जागतो तिच्यापाशी. हाललं कायी, का दोघाईले घेऊन बाहेर येतो.”

तडजोड अशी ठरली. विमल आत बाळंत झाली, मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. आणि माय पहाऱ्यावर बसली. बाबांनी पाळी घ्यायची तयारी दाखवली होती, पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही. विटाळबिटाळ बाबांनी कधीच घराबाहेर घालवला होता. तरीही हा उंबरठा ओलांडू नका, पोरीला लाजल्यासारखं होतं, असं मायनं सांगितलं आणि त्यांनी ते पाळलं. ते दारासमोर अंगणात बाज टाकून पडत. मी बसते म्हटलं तर माय मला पुस्तकाकडे पिटाळी. दिवसा तिला झोपायला कोण देणार? पहाटेपासून पाणी तापवणं, विमलचं शेकणं, बाळाची दुपटी, सुंठ-डिंकाचे लाडू, लसणाचं तिखट घातलेला मऊ भात, परत बाबांचा डबा. बाळ रडकं होतं. रात्री ते झोपलं तरी मायला झोपायची परवानगी नव्हती. ती परवानगी तिची तिनंच काढून घेतली होती.

तसंही बाबांनी तिला निर्धास्त होऊ दिलं नसतं, कारण विमल यायच्या थोडं आधीपासून राखेत सकाळी सकाळी रेघा दिसायला लागल्या होत्या. आधी नुसता एखादा ओरखडा असे. बाबा उजाडायच्या आत नदीवर जात, अंघोळ करून परत येत आणि पहिल्यांदा परातीजवळ उकिडवे बसत. बारीक, आडव्या, एकावर एक गिरवल्यासारख्या रेघा. कधी दोन दिवस काही नाही, मग पुन्हा. सभेत यावर खूप खल झाला. मोठ्या भूकंपाच्या आधी असे लहान लहान येतात, हे कोणी तरी वाचलं होतं. एका मास्तरांनी तर बायकामुलांना गावी धाडून दिलं. बाबा दिवसेंदिवस उतरत गेले. दर सकाळी परात पाहून झाली की गोधडी लावलेल्या दाराजवळ येऊन ते बाहेरूनच विचारत, “बरं हाय ना आत?” आणि आतून माय म्हणे, “बरं हाय.” तो आवाज हळूहळू बारीक होत गेला. भाजीत दोनदा मीठ, नाहीतर मुळीच नाही, असं होऊ लागलं. भिंतीला टेकून उभ्या उभ्या ती झोपून जाई. एकदा शेगडीत कोळसे घालताना डुलकी लागली आणि मनगट भाजलं. बाळाला न्हाऊ घालायला राजक्का येत असे. तिनं ते मनगट पाहिलं आणि माझ्याकडे वळून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, “अम्मा पडते एक दिवस. भिंत नाही पडते, अम्मा पडते.” नोकरीत पुढे मी झोपेवाचून ढासळलेली किती तरी माणसं पाहिली. त्यांचे डोळे कसे दिसतात ते मला पाठ आहे. त्या वेळी मला कळत नव्हतं, फक्त तिच्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या पगाराच्या दिवशी मास्तर सकाळीच जमले. बाबांनी आदल्या दिवसाच्या रेघा तशाच राखून ठेवल्या होत्या. सगळे परातीभोवती दाटीनं बसले. बोलणं चाललं होतं की गावकऱ्यांना सांगून आळीची आळी बाहेर झोपवावी का. तहसीलला अर्ज द्यावा, तो कोणी लिहावा. मी चहा घेऊन आत आले, तेवढ्यात एक जण म्हणाला, हललं. माप खरोखर डुलत होतं. सगळे परातीवर वाकले. आरीचं टोक राखेत इकडून तिकडे बारीक रेघ ओढत होतं, थांबत होतं, पुन्हा ओढत होतं. बाबा उठून मागच्या दाराकडे ओरडणार तेवढ्यात कुळमेथे गुरुजींनी त्यांच्या हाताला धरलं. ते मान तिरकी करून ऐकत होते. सामाईक भिंतीपलीकडून ढेकीचा आवाज येत होता. धप्प, आणि जरा थांबून धप्प. तो आवाज नेहमीचाच. आम्ही तो कावळ्या-चिमण्यांच्या आवाजासारखा ऐकत होतो, म्हणजे ऐकतच नव्हतो. एरवी राजक्का पहाटेच कुटून मासळीला जाई, बाबा नदीवर असत तेव्हा. त्या दिवशी तिला उशीर झाला होता.

“गुरुजी,” कुळमेथे गुरुजी अगदी हळू म्हणाले, “हे माप त ढेकीसंगं हालून राह्यलं.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मयालीचं एक टोक त्याच सामाईक भिंतीत बसवलेलं होतं, हे सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. बाबा राजक्काच्या दारात गेले, मीही मागं गेले. पूर्वी तिची ढेकी मागच्या छपरात होती. आता ती पुढच्या ओसरीत, आमच्या भिंतीला अगदी लगटून होती. बाबांनी विचारलं, ही इथी कधीपासून? राजक्कानं सरळपणानं सांगितलं की छपरात जाळी ठेवली आहेत, आणि हे तुमच्याकडचं धान आलं तेव्हापासून ढेकी इथे आणली. पाय न थांबवता ती म्हणाली, “विमलम्माकू.” बाळंतिणीला आमच्याकडे गिरणीचा तांदूळ देत नसत, हाताचा नाहीतर पायाचा कुटलेलाच द्यायचा. विमलसाठी मायनं ब्रह्मपुरीकडून जुनं धान मागवून राजक्काला दिलं होतं. आठवड्यातून चार-दोनदा ती लागेल तेवढं कुटून देई. ज्या बाळंतपणाच्या काळजीनं बाबांचा जीव अर्धा झाला होता, त्या बाळंतपणाचाच तांदूळ राखेत रेघा ओढत होता.

मास्तरांनी चहा घेतला. गाडीची वेळ झाली म्हणून एकेक जण उठला, कोणाच्याच गाडीची वेळ झाली नव्हती. कुळमेथे गुरुजी तेवढे मागं रेंगाळले, पयला धक्का खरा होता गुरुजी, माझ्या गावीही बसला होता, असं दोनदा म्हणाले. बाबांनी मान हलवली. दुपारभर ते कडुनिंबाखाली बसून होते. दिवस कलल्यावर माय चुलीपाशी आली, तेव्हा तेही चुलीसमोर येऊन बसले. मी पुस्तक घेऊन ओट्यावर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“तुले माहीत होतं?” बाबांनी विचारलं.

“पयल्यापासून नाई. मंग आलं ध्यानात. आवाज आला का माप हाले.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

मायनं चुलीत काटक्या सारल्या. “इथी आल्यापासून तुमच्यासंगं कोणी बोलत नोयतं,” ती म्हणाली. “आता चार मानसं येऊन राह्यले होते. तुमचं आयकून राह्यले होते. मले वाटलं, राहू द्या.”

“अन् तू जागत राह्यली, ते?”

“राख खोटी होती. भिंतीची चीर त खरी हाय ना. तुमी बाहेर डोये उघडे ठेवून पडले असता मी आत कशी झोपू?” मग तिनं फुंकणी खाली ठेवली. “पन आता मी थकली, विमलचे बाबा. लय थकली. मले झोपू द्या. भिंत पडो का रावो, मले एक डाव छताखाली झोपू द्या.”

माझ्या मायला मी आयुष्यात काही मागताना पाहिलं ते त्या एका संध्याकाळी. नंतर तिनं म्हातारपणी, दुखण्यात, शेवटीसुद्धा काही मागितलं नाही.

दुसरा दिवस रविवार होता. बाबांनी सकाळी राख सपाट केली नाही. परात तशीच मापाखाली पडून राहिली, कालच्या रेघांसकट. जेवणं झाली, राजक्का आली, अंगणात ऊन छान तापलं होतं. पाय लांब करून तिनं बाळाला पालथं नडग्यांवर घेतलं आणि तेल जिरवू लागली. विमलला पहिल्यांदाच बाहेर उन्हात बसवलं होतं, कानाला फडकं बांधून. माय खोली झाडायला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी डोकावले तर विमलच्या बाजेवर, चिरेकडे डोकं करून, हातात केरसुणी तशीच, ती झोपली होती. मी केरसुणी काढून घेतली तरी हलली नाही. बाहेर येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी चिरेच्या बाजूला डोकं आहे का एवढंच विचारलं, मी हो म्हटलं. ते उठले, गोधडी लावलेल्या दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी कोंबड्या गप्प झाल्या. मग नदीकडून भरलेला ट्रक यावा तसा आवाज आला, आणि ट्रक आला नाही, आवाजच आमच्या पायाखालून गेला. कवेलू खडखडले. झाडावरच्या तसबिरी हलल्या. राजक्कानं बाळाला पोटाशी दाबून विमलला दंडाला धरून अंगणाच्या मधोमध ओढलं. मी माय, माय म्हणून ओरडले असेन, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. बाबा मांडवाखाली उभे होते, डोक्यावर नुसती ताडाची पानं असलेल्या सगळ्यात सुरक्षित जागी. इतके महिने ते आम्हाला हेच शिकवत होते की हललं की बाहेर, मागं वळून पाहायचं नाही. ते धावले ते आत धावले.

मी दारापर्यंत गेले. पुढच्या खोलीत माप वेड्यासारखं भिरभिरत होतं आणि त्याच्याखाली परात नव्हती. आढ्यातून मातीची धार लागली होती. मी तशीच आत शिरले आणि गोधडी बाजूला केली. बाजेवर माय कुशीवर झोपलेली, तोंड किंचित उघडं, श्वास शांत. तिच्या उशाशी, चिरेला पाठ लावून, बाबा बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी पितळी परात तिच्या डोक्यावर छत्रीसारखी धरली होती. परातीतली राख त्यांच्याच अंगावर सांडली होती, केसांत, भुवयांवर, धोतरावर. भिंतीतून पापुद्रे सुटून परातीवर टिकटिक पडत होते. मी तोंड उघडलं तसं त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. तिला उठवू नको, असं ते डोळे म्हणत होते. पोरवयात भिंतीखाली निजलेली माय त्यांना उठवता आली नव्हती, आणि आता ही उठवता येत असून ते उठवत नव्हते. हे मला त्या क्षणी सुचलं नाही. हे सगळं फार नंतर, रात्रपाळीत एखाद्या झोपलेल्या पेशंटच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाकडे पाहताना सुचलं.

हलायचं थांबलं. भिंत पडली नाही. मागच्या बाजूचे काही कवेलू तेवढे खाली आले. आळीत आरडाओरडा चालला होता, लोक एकमेकांना हाका मारत होते, राजक्काच्या फुटलेल्या मडक्यांभोवती बायका जमल्या होत्या. बाबा उठले नाहीत. हात भरून आले असतील, पण परात त्यांनी खाली ठेवली नाही. मी बाहेर येऊन विमलजवळ बसले. ऊन मांडवाच्या पलीकडे सरकलं, बाळ दोनदा दूध प्यायलं, आणि तरी आत हालचाल नव्हती.

दिवे लागायच्या सुमाराला मी चहा घेऊन गेले. परात बाबांच्या मांडीवर होती, आणि माय डोळे किलकिले करून पाहत होती. नवरा बाळंतिणीच्या खोलीत कसा, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला.

“काय झालं?” तिनं विचारलं. “भांडे वाजल्यावानी वाटले मले.”

“कायी नाई,” बाबा म्हणाले. “राजक्का धान कुटून राह्यली होती.”

बाहेर अंगणात राजक्का बाळाला थोपटत तेलुगूत काही तरी गुणगुणत होती, ते आत स्पष्ट ऐकू येत होतं. मायनं ते ऐकलं. मग तिनं हात वर करून बाबांच्या केसांतली राख बोटानं थोडी झटकली, कूस बदलली, आणि भिंतीकडे तोंड करून परत झोपली.